जोहार, जयभीम आणि ‘रेइ’ : कराटेतील अभिवादनविधीची एक समीक्षा

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, राजगड-तोरण्याच्या परिसरात विंझर हे गाव आहे. तेथील एका उपासिकेने पौर्णिमेच्या वंदनेनंतर विचारलेला प्रश्न हे प्रस्तुत लेखाचे निमित्त होय. त्यांची कन्या कराटे शिकते. वर्गाच्या आरंभी आणि अखेरीस मुलांना ओळीत गुडघे मोडून बसवितात आणि तीन वेळा वाकावयास सांगतात : पहिल्यांदा भिंतीवरील एका जपानी वृद्धाच्या तसबिरीकडे, दुसऱ्यांदा शिक्षकांकडे, तिसऱ्यांदा एकमेकांकडे. मुलीने घरी येऊन मोठ्या कौतुकाने आजोबांना ते करून दाखविले. आजोबा काही वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, ‘‘आमच्या बापानं जोहार टाकला, आम्ही जयभीम घेतला; आन् तू पुन्हा जमिनीला डोकं लावाय शिकून आलीस व्हय?’’ मुलगी रडवेली झाली. सुनेला सासऱ्यांचे बोलणे खोटे वाटेना आणि मुलीचा वर्गही सोडवेना. ‘‘हे आपल्यात चालतं का, गुरुजी?’’ एवढेच त्यांनी विचारले.

अशा प्रश्नाला आपल्याकडे दोन तयार उत्तरे आहेत. पहिले उत्तर असे की, कराटे हे मूळचे बौद्ध भिक्खूंचेच शास्त्र आहे, बोधिधर्माने ते भारतातून चीनमध्ये नेले. तेव्हा त्यातील नमन हे आपलेच नमन आहे, संकोच कसला? दुसरे उत्तर असे की, हा केवळ खेळाच्या शिस्तीचा भाग आहे, त्यात अर्थ शोधू नये. ही दोन्ही उत्तरे मी विहारांतील शिबिरांतून अनेकदा ऐकली आहेत आणि, प्रांजळपणे सांगावयाचे तर, पहिले उत्तर एकेकाळी मीही दिलेले आहे. आता ती दोन्ही मला अपुरी वाटतात.

पहिल्या उत्तराचा विचार आधी करू. बोधिधर्माचा सर्वांत जुना उल्लेख यांग श्वेन-च याने इ. स. ५४७ च्या सुमारास लिहिलेल्या लोयांग नगरीतील विहारांच्या वृत्तांतात येतो. तेथे तो एका विहाराच्या सौंदर्याने भारावलेला वृद्ध परदेशी भिक्खू आहे. मल्लविद्येचा तेथे मागमूस नाही. शाओलिन विहारातील व्यायामपद्धतीशी त्याचे नाव जोडणारा ‘यी-चिन चिंग’ हा ग्रंथ सतराव्या शतकातला, म्हणजे हजार वर्षांहून अधिक काळानंतरचा आहे. तांग हाओ या चिनी संशोधकाने १९३० साली या कथेची चिकित्सा करून ती निराधार असल्याचे दाखविले. आपल्याकडे मात्र ती अजूनही कराटेच्या वर्गांतून आणि, खेदाने म्हणावे लागते, धम्माच्या व्यासपीठांवरूनही इतिहास म्हणून सांगितली जाते.

याहून निर्णायक साक्ष खुद्द कराटेच्या घरातली आहे. ओकिनावा बेटावर विसाव्या शतकाच्या प्रारंभी ही विद्या शाळांत नेणारे गुरू इतोसु आन्को यांनी १९०८ मध्ये शिक्षणखात्याच्या माहितीसाठी दहा कलमांचे एक पत्र लिहिले. त्याच्या आरंभीच त्यांनी सांगून टाकले आहे की, ही विद्या कन्फ्यूशियसच्या मतातून वा बुद्धमतातून निघालेली नाही, ती चीनमधून ओकिनावात आली. ज्या परंपरेचा आद्य शाळामास्तर स्वतः असे म्हणतो, तिच्यावर आपण बळेच मालकी सांगावी हे सम्यक् वाचेला धरून नाही. बौद्ध असण्याचा अभिमान बाळगावा. परंतु त्यासाठी सातबारा उताऱ्यात खाडाखोड करू नये.

मग या विधीतील शब्दांत बौद्ध असे काहीच नाही काय? आहे; पण जेथे आपण शोधतो तेथे नाही. आपल्या मुलांच्या तोंडी सर्वाधिक असतो तो ‘ओस’ हा शब्द. वर्गात शिरताना ओस, आज्ञा समजली की ओस, मार बसला तरी ओस. तो ‘ढकलणे’ आणि ‘सोसणे’ अशा अर्थांच्या दोन चित्राक्षरांनी लिहितात. त्यातील दुसरे अक्षर हे चिनी त्रिपिटकात क्षान्तीसाठी, आपल्या पालीतील ‘खन्ति’साठी, वापरलेले अक्षर आहे. एवढे कळताच आपले काही प्रवचनकार हर्षभरित होतात आणि ‘ओस’ म्हणजे क्षान्तिपारमिता असे सांगून मोकळे होतात. परंतु अक्षर एक असले म्हणून शब्दाचे गोत्र एक होत नाही. ‘ओस’ हा विसाव्या शतकातील जपानी विद्यार्थी आणि सैनिक यांच्यात रुळलेला राकट उच्चार आहे. सकाळच्या ‘ओहायो गोझाइमासु’ या नमस्काराचे ते आखडलेले रूप असावे असे मत भाषाभ्यासकांत प्रचलित आहे, आणि ही अक्षरे मागाहून जुळविली गेली असे दिसते. ओयामा मासुतात्सु यांच्या क्योकुशिन पंथात या शब्दाला मोठे स्थान मिळाले आणि तेथून तो जगभर पसरला. ओकिनावातील जुन्या आखाड्यांत तो फारसा ऐकू येत नाही. आणि जपानी शिष्टाचारात तो बरोबरीच्या किंवा ओळखीच्या पुरुषांतला शब्द असल्याने वडीलधाऱ्यांना उद्देशून उच्चारणे असभ्यही ठरते. आपल्याकडील दहा वर्षांच्या मुली आपल्या गुरूंना ‘ओस’ म्हणतात हे एखाद्या जपानी आजीबाईंनी ऐकले तर त्यांना हसू आवरणार नाही.

‘रेइ’ या शब्दाची गोष्ट निराळी. वाकण्याची आज्ञा याच शब्दाने देतात. हा चिनी ‘ली’, कन्फ्यूशियसच्या विचारातील मध्यवर्ती शब्द. समाजातील प्रत्येकाचे स्थान ठरलेले, त्या स्थानास उचित असे वर्तन ठरलेले, आणि त्या वर्तनाचे दृश्य रूप म्हणजे ‘ली’. पुढे बौद्धांनी वंदनेसाठीही हेच अक्षर घेतले, त्यामुळे जपानी विहारातील बुद्धवंदना आणि जपानी कचेरीतील वरिष्ठापुढील वाकणे ही दोन्ही एकाच अक्षराने लिहिली जातात. गोंधळाचे मूळ येथे आहे. फुनाकोशी गिचिन (१८६८–१९५७) यांनी १९२२ मध्ये तोक्योत कराटेचे प्रात्यक्षिक केले आणि पुढे ही विद्या जपानच्या मुख्य बेटांवर रुजविली. त्यांनी शिष्यांसाठी केलेल्या वीस सूत्रांपैकी पहिलेच सूत्र ‘रेइ’विषयी आहे, कराटेचा आरंभ आणि शेवट तिनेच होतो हे विसरू नये, असा त्याचा आशय. त्यांनी ‘चिनी हात’ हा जुना अर्थ बदलून ‘रिक्त हात’ हे अक्षर स्वीकारले तेव्हा प्रज्ञापारमिता-हृदयसूत्रातील शून्यतेचा आधार घेतला, हेही खरे. फुनाकोशींना बौद्ध विचाराविषयी आस्था होती यात शंका नाही. पण त्यांच्या ‘रेइ’ची घडण एका सुशिक्षित ओकिनावी शिक्षकाची, म्हणजे मुख्यतः कन्फ्यूशियसी आहे. तिच्यात विनय आहे, आत्मसंयम आहे. समतेचा आग्रह मात्र तीत गृहीत धरता येत नाही.

जो शब्द निःसंशय आपला आहे त्याच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. तो म्हणजे ‘दोजो’, आपल्याकडील उच्चारात डोजो. कराटे शिकण्याच्या जागेस हा शब्द लावतात. चिनी भाषांतरकारांनी ‘बोधिमंड’ या शब्दासाठी जी दोन अक्षरे योजली त्यांचाच हा जपानी उच्चार आहे. बोधिमंड म्हणजे उरुवेलेस पिंपळाखाली जेथे सिद्धार्थ गौतम बसले आणि सम्यक् संबुद्ध होऊन उठले ती भूमी. कुमारजीवाने इ. स. ४०६ मध्ये केलेल्या विमलकीर्तिनिर्देशाच्या भाषांतरात विमलकीर्ती हा गृहस्थ एका तरुण बोधिसत्त्वाला समजावून सांगतो की, बोधिमंड ही नकाशावर दाखविण्याची जागा नसून सरळ, अकुटिल चित्त हाच बोधिमंड आहे. पुढे हा शब्द विहारातील साधनास्थानासाठी आणि त्यानंतर शस्त्रविद्येच्या शाळेसाठी रूढ झाला. शाळेच्या पटांगणात किंवा समाजमंदिराच्या फरशीवर वर्ग भरत असेल तर त्या फरशीला मुले रोज नकळत बोधिमंड म्हणत असतात. उंबरठ्यावर थांबून त्या जागेला नमन करण्याची रीत आहे, ती या दृष्टीने पाहता सर्व विधींतील सर्वांत निर्मळ रीत आहे, कारण तेथे पुढ्यात कोणी माणूसच नाही. आपल्या तालमीत पैलवान हौद्यात उतरताना तांबडी माती कपाळाला लावतो, ती आठवण येथे यावी. फरक इतकाच की, आपल्या गावांतील कितीतरी तालमींची ती माती आजोबांच्या पिढीतील सर्वांच्या कपाळापर्यंत पोचू दिली जात नव्हती.

‘मोकुसो’विषयी, म्हणजे डोळे मिटून क्षणभर बसण्याविषयी, फार लिहिण्याची गरज नाही. श्वास जागेवर येण्यास त्याचा उपयोग होतो. त्याला विपश्यना म्हणू नये.

आता पहिले नमन, ज्याने आजोबा दुखावले : ‘शोमेन नि रेइ’. शोमेन म्हणजे समोरची बाजू. त्या समोर काय असावे हे काळाने ठरविले. १८९५ मध्ये क्योतो येथे स्थापन झालेल्या दाइ निप्पोन बुतोकुकाइ या संस्थेने जपानी युद्धकलांना राष्ट्रीय शिस्तीत आणले, आणि १९३० नंतरच्या दशकात कराटेही त्या चौकटीत आले. त्या काळात समोरच्या भिंतीवर शिंतो देव्हारा असे आणि त्यामागे उभी असलेली सत्ता सम्राटाची होती. या नमनाची किंमत काय असू शकते हे त्याही आधी एका माणसाने मोजली होती. जानेवारी १८९१ मध्ये तोक्योतील एका वरिष्ठ शाळेत सम्राटाच्या स्वाक्षरीचे शिक्षणविषयक फर्मान ठेवून शिक्षकांना त्यापुढे वाकावयास सांगण्यात आले. उचिमुरा कान्झो या ख्रिस्ती अध्यापकाने मान किंचित लवविली, सर्वांइतका तो वाकला नाही. त्यावर देशभर गहजब झाला आणि त्याची नोकरी गेली. त्याने नमस्कार नाकारला नव्हता. तो पुरेसा खोल नव्हता, इतकाच त्याचा अपराध. जपानी बौद्ध संघाने या बाबतीत काय केले, हा प्रश्न आपण टाळू नये. ब्रायन व्हिक्टोरिया या झेन भिक्खूने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात झेनच्या अनेक मान्यवर आचार्यांनी सम्राटभक्तीला आणि युद्धाला धम्माचा मुलामा कसा दिला हे दाखवून दिले आहे. ‘झेन’ आणि ‘योद्धा’ हे शब्द एकत्र उच्चारताना आपल्याकडे जी भाबडी आदरभावना दिसते तिला या वाचनाची जोड हवी.

१९४५ नंतर देव्हारे बहुतेक ठिकाणांहून गेले. समोर संस्थापकांची तसबीर आली, कोठे ध्वज आला, कोठे नुसती भिंत राहिली. म्हणजे हा विधी रिकाम्या चौकटीसारखा आहे. तीत काय बसवायचे ते बसविणारा ठरवितो. आपल्याकडे कोणी पंथप्रमुखाचे चित्र लावतो, कोणी एखादी देवता. ज्या बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधानसभेत विभूतिपूजेच्या धोक्याविषयी इशारा दिला, त्यांच्या अनुयायांनी तसबिरीपुढील आज्ञाबद्ध नमनाकडे सावधपणे पाहिले तर तो हट्ट ठरू नये. अर्थात हा सावधपणा आपण आपल्या सभागृहांतही वापरला तर तो अधिक शोभेल.

दुसरे उत्तर, हा केवळ शिस्तीचा भाग आहे असे म्हणणारे, वरवर पाहता शहाणपणाचे वाटते. पण अभिवादन कधीच नुसते कवायतीतले हालचालीचे काम नसते, हे दीघनिकायातील सोणदण्ड ब्राह्मणाला नीट ठाऊक होते. चंपा नगरीचा हा मातब्बर ब्राह्मण बुद्धांचा उपासक झाला. आणि मग त्याने एक अडचण मांडली. भर सभेत मी तरुण गोतमांसाठी आसनावरून उठलो आणि मस्तक लववले, तर ब्राह्मण मला हिणवतील, माझी कीर्ती घटेल, आणि कीर्ती घटली की उत्पन्न घटेल. तेव्हा मी बसल्या जागी हात जोडले तर आपण ते उठणे समजावे; पागोटे काढले तर मस्तकाने केलेले वंदन समजावे; रथातून जाताना चाबूक उंचावला तर मी खाली उतरलो असे समजावे. संपूर्ण सुत्तवाङ्मयात इतका मार्मिक विनोद क्वचितच सापडेल. तथागतांनी त्याच्याशी हुज्जत घातली नाही. परंतु सोणदण्डाच्या या सौद्याने एक गोष्ट उघडी केली आहे : कोण कोणापुढे किती वाकतो, याचा हिशेब समाज पैपैचा ठेवतो.

हाच हिशेब महाराष्ट्रात ‘जोहार’ या शब्दाने ठेवला जात होता. चोखामेळ्याच्या नावावरील रचनांत आणि एकनाथांच्या भारुडांत जोहार येतो तेव्हा त्याला भक्तीची आणि उपरोधाची छटा लाभते. गावगाड्यात मात्र तो महाराने अंतर राखून, मान खाली घालून वरच्या जातीला घालावयाचा नमस्कार होता. त्याचे खरे लक्षण वाकण्यात नव्हते. जोहाराला उत्तर जोहार मिळत नसे, हे त्याचे लक्षण. रामरामला रामराम मिळे. जोहार घालणारा आणि घेणारा यांची जागा अदलाबदल होत नसे. कामठीचे बाबू हरदास (१९०४–१९३९) यांना ज्या ‘जयभीम’ या अभिवादनाच्या प्रसाराचे श्रेय दिले जाते, त्याने नेमका हा एकेरी व्यवहार मोडला. जयभीमला उत्तर जयभीमच. लहानाने म्हणावे, थोराने तेच परत म्हणावे. या शब्दातील घोषणेचा अर्थ आपण खूप सांगितला. त्याच्या परतफेडीचा अर्थ त्या मानाने कमी सांगितला. (याच कामठीत १९९९ मध्ये जपानी उपासकांच्या साहाय्याने ड्रॅगन पॅलेस हे बुद्धमंदिर उभे राहिले. जयभीम आणि जपानी नमन यांची भेट व्हावयाची तर याहून योग्य गाव सापडले नसते.)

आजोबांचा राग या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो. पण तो राग वाकण्यावर असेल तर पुढचे पाऊल टाकावे लागेल, कारण वाकणे आपण सोडलेले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून त्रिसरण-पंचशील घेतल्यावर बाबासाहेबांनी हात जोडून बुद्धमूर्तीपुढे तीन वेळा मस्तक लवविले आणि श्वेत कमळे वाहिली. ज्याने जोहाराची प्रथा उखडली तो मनुष्य त्या दिवशी वाकला. तेव्हा वाकणे आणि वाकणे यांत भेद करणारे काहीतरी माप बौद्धांजवळ असलेच पाहिजे.

ते माप विनयपिटकात आहे. आदराच्या कृतींसाठी तेथे चार शब्द एकत्र येतात : अभिवादन, पच्चुट्ठान म्हणजे उठून उभे राहणे, अञ्जलिकम्म आणि सामीचिकम्म म्हणजे उचित वर्तन. चुल्लवग्गात या चारांचा सर्वांत प्रसिद्ध उपयोग शाक्य राजपुत्रांच्या तोंडी आहे. भद्दिय, अनुरुद्ध, आनंद, भगु, किंबिल आणि देवदत्त हे सहा जण प्रव्रज्येसाठी निघाले; बरोबर उपाली न्हावी होता. त्यांनी बुद्धांना विनंती केली की, उपालीला आमच्या आधी प्रव्रज्या द्यावी, म्हणजे तो आम्हांला ज्येष्ठ होईल, आम्ही त्याला अभिवादन करू, त्याच्यासाठी उठू, हात जोडू, आणि आमचा शाक्यपणाचा ताठा उतरेल. बाबासाहेबांनी आपल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात उपालीच्या धम्मदीक्षेला स्वतंत्र स्थान दिले ते उगाच नव्हे. येथे नमन हे जातीचा ताठा उतरविण्याचे हत्यार झाले आहे. त्याच चुल्लवग्गात दुसरा प्रसंग आहे. उत्तम आसन आणि पहिले पाणी कोणाला, असे विचारल्यावर भिक्खूंपैकी कोणी क्षत्रिय कुळातल्याला म्हणाले, कोणी ब्राह्मण कुळातल्याला. तेव्हा बुद्धांनी तित्तिर, माकड आणि हत्ती यांची कथा सांगितली. ज्या वडाखाली तिघे राहत, तो हत्तीला आठवत होता पोटाला लागणारे रोप म्हणून. माकडाला आठवत होता बसल्या बसल्या शेंडा खाता येई असा. तित्तिराच्या विष्ठेतूनच तो उगवला होता. तेव्हापासून हत्ती तित्तिराचा मान राखू लागला. ‘सेन्सेइ’ या जपानी शब्दाचा अक्षरार्थ ‘आधी जन्मलेला’ असा आहे. हत्तीने तित्तिराला दिला तो मान याच अर्थाचा होता, आकाराचा वा कुळाचा नव्हता.

येथे एक कबुली आवश्यक आहे. हे माप आपल्याच परंपरेने सर्वत्र लावलेले नाही. शंभर वर्षांची भिक्खुणी असली तरी तिने त्याच दिवशी दीक्षा घेतलेल्या भिक्खूस वंदन करावे, हा गरुधम्म विनयातच आहे. आणि महाप्रजापती गोतमीने, ज्येष्ठतेप्रमाणे वंदन असावे, स्त्री-पुरुष भेद नसावा, अशी मागणी केली ती मान्य झाली नाही, असेही तेथेच नमूद आहे. हा नियम मुळातला की मागाहूनचा यावर विद्वानांत वाद आहे. परंतु विंझरच्या मुलीच्या वाकण्याची चिकित्सा करणाऱ्यांनी हे पान उलटून पुढे जाऊ नये.

माझ्या मते सर्वांत उपयोगी सुत्त सिगालोवाद हे आहे. सिगाल नावाचा तरुण ओलेत्याने सहा दिशांना नमस्कार करीत होता, कारण बापाने मरताना तसे सांगितले होते. का, हे त्याला ठाऊक नव्हते. एखाद्या ‘शोमेन’कडे वाकणाऱ्या मुलासारखीच त्याची स्थिती. बुद्धांनी त्याचा नमस्कार थांबविला नाही, त्यात माणसे बसविली. दक्षिण दिशा म्हणजे आचार्य. शिष्याने पाच प्रकारे आचार्याचा मान राखावा, त्यात पहिला प्रकार उठून उभे राहणे. आणि लगेच पुढच्या वाक्यात आचार्याची पाच देणी येतात : नीट शिकविणे, सर्व विद्या हातचे न राखता देणे, चारचौघांत शिष्याची शिफारस करणे, त्याला सर्व बाजूंनी सुरक्षित ठेवणे, ही त्यातलीच. ज्या दिशेला नमस्कार करावयाचा ती दिशा ऋणको आहे! जोहारात हे कधीच नव्हते.

जपानी परंपरेलाही या प्रकारचे नमन अपरिचित नाही. मात्र त्यासाठी कराटेकडे नव्हे तर सद्धर्मपुंडरीकाकडे जावे लागते. कुमारजीवाच्या भाषांतरात सदापरिभूत नावाच्या बोधिसत्त्वाची कथा आहे. तो सूत्रे वाचीत नाही, उपदेश करीत नाही. भेटेल त्याला वाकून एवढेच सांगतो की, मी आपणांस तुच्छ लेखीत नाही, आपण पुढे बुद्ध होणार आहात. लोक चिडतात, काठ्या-दगड मारतात. तो दूर पळतो आणि तेथून पुन्हा वाकून तेच सांगतो. १९३३ मध्ये वर्ध्याला महात्मा गांधींना भेटलेले निचिदात्सु फुजिइ (१८८५–१९८५) यांच्या निप्पोन्झान म्योहोजी संघातील भिक्खू कोणालाही हात जोडून लवतात, त्यामागे हीच कथा आहे.

मला ही कथा दीर्घकाळ पटत नव्हती. मार खाऊनही वाकणारा माणूस आमच्या वडीलधाऱ्यांनी पुरेसा पाहिला होता. त्याला बोधिसत्त्व म्हणणे ही थट्टा वाटे. पुन्हा वाचताना एक गोष्ट लक्षात आली. जोहार न घातल्याबद्दल मार बसे. सदापरिभूताला वाकल्याबद्दल मार बसतो. जोहाराने समोरचा सुखावतो, कारण त्याची पायरी पक्की होते. सदापरिभूताच्या नमनाने समोरचा संतापतो, कारण ते नमन त्याला आणि त्याच्या शेजारच्या कस्पटासमान माणसाला एकाच मापाने मोजते. कोणी सांगितले म्हणून तो वाकत नाही, आणि कोणी मारले म्हणून थांबत नाही. बाहेरून दोघांच्या पाठीचा बाक सारखाच दिसतो.

आता कराटेच्या वर्गात परत येऊ. तीन नमनांपैकी तिसरे, ‘ओतागाइ नि रेइ’, म्हणजे परस्परांना नमन, हे या मापाने सर्वांत मोलाचे आहे. ज्याच्यावर आता मूठ उगारावयाची त्याच्यापुढे आधी वाकावयाचे, आणि झुंज संपल्यावर पुन्हा. आरंभी ‘ओनेगाइ शिमासु’ म्हणजे ‘आपल्याला विनंती करतो’, शेवटी ‘आरिगातो गोझाइमाशिता’ म्हणजे ‘आभारी आहे’. दोन्ही बाजूंनी तेच शब्द, जयभीमप्रमाणे. परंतु मी पाहिलेल्या वर्गांत पहिली दोन नमने सावकाश, मोठ्या गांभीर्याने होतात आणि तिसरे घाईत उरकले जाते. मुले अर्धवट वाकून पाण्याच्या बाटल्यांकडे पळतात. खरे वजन दिले पाहिजे ते नेमके याच नमनाला.

दुसऱ्या नमनाची कसोटी अगदी साधी आहे. जपानी रीतीत ‘सेन्सेइ नि रेइ’ म्हटल्यावर शिक्षकही त्याच वेळी, त्याच जमिनीवर बसून, शिष्यांकडे वाकतात. ते नमन एकेरी नाही. आपल्याकडे काही शिक्षक उभेच राहतात किंवा कमरेवर हात ठेवून मान हलवितात. तेथे जपानी शब्दांत जोहार चालू आहे असे खुशाल समजावे. १९४७ मध्ये सो दोशिन (१९११–१९८०) यांनी तादोत्सु येथे शोरिंजी केंपो ही निराळी पद्धती सुरू केली, तेव्हा त्यांनी वाकणे बाजूस ठेवून गाश्शो म्हणजे अंजली स्वीकारली : पाठ ताठ, हात जोडलेले, नजर समोरच्याच्या नजरेत, आणि गुरूनेही तेच करावयाचे. युद्धात हरलेल्या आणि आज्ञापालनाचे फळ भोगलेल्या देशात एका माणसाने अभिवादनाचा इतका विचार केला, याची नोंद आपल्या कराटे-शिक्षकांनी घेण्यासारखी आहे.

आणि पहिले नमन? तेथे माझे मत असे की, मुलीने विचारावे : हे गृहस्थ कोण, यांनी काय शिकविले? उत्तर मिळाले आणि ते पटले तर कृतज्ञतेने वाकावे. न मिळाल्यास ताठ बसावे, आणि तसे बसण्याबद्दल कोणी शिक्षा करू नये. उचिमुराचा प्रसंग पुन्हा घडविण्याचे कारण नाही.

यातले बरेचसे मी त्या उपासिकेला त्या दिवशी सांगू शकलो नाही. एवढेच म्हणालो की, शिक्षक मुलांकडे वाकतात की नाही, ते एकदा स्वतः जाऊन पाहा. पुढच्या पौर्णिमेला त्या आल्या. म्हणाल्या, ‘‘वाकतात, गुरुजी. मी मागं उभं राहून बघितलं. पण पोरीपेक्षा कमी वाकतात.’’ मी विचारले, आजोबांना सांगितले का? ‘‘सांगितलं ना. ते म्हणले, किती कमी ते मला बघायचंय. आता पुढच्या रविवारी त्यांना घेऊन जायचंय.’’